“बाई, समजलं” म्हणजे नेमकं काय समजलं?

एका नव्या विज्ञान शिक्षिकेनं विचारलंय : “मुलं धडा सुरू व्हायच्या आधीच युट्यूबवर बघून आलेली असतात. काही विचारलं तर ‘गुगल करून सांगतो’ म्हणतात. मग वर्गात आपण शिकवायचं काय? आणि इंटरनेटमुळे मुलांची विचार करायची सवय खरंच मोडत चालली आहे का?”

मी गेली २७ वर्षं तालुक्याच्या गावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे बालभारतीचं पुस्तक, एक गाईड आणि प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली एवढंच होतं. आज वर्गात प्रोजेक्टर आहे आणि घरी बहुतेक मुलांच्या हातात फोन. हा बदल मी फळ्यासमोर उभी राहून पाहिलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलं मठ्ठ झालेली नाहीत. पण पूर्वी प्रश्न पडल्यापासून उत्तर मिळेपर्यंत मध्ये थोडा वेळ जायचा. पुस्तक शोधायला, मोठ्या भावाला विचारायला, बाईंच्या तासाची वाट बघायला. त्या वेळात मूल स्वतःशीच काहीतरी जुळवून बघायचं. बहुतेकदा चुकायचं, पण बघायचं. आता तो मधला वेळच उरला नाही. वर्गात तो मुद्दाम परत आणणं, हे मला आजच्या शिक्षकाचं मुख्य काम वाटतं.

एक प्रसंग सांगते. आठवीच्या वर्गाला मी चंद्राच्या कलांचा व्हिडिओ दाखवला. फार देखणा होता. मध्ये पृथ्वी, भोवती फिरणारा चंद्र, एका बाजूनं सूर्याचा प्रकाश, सहा मिनिटांत सगळं. “समजलं?” “हो बाई, समजलं.” मग मी प्रत्येकाला वहीच्या पानाचा चतकोर फाडायला लावला आणि एकच प्रश्न दिला : चंद्र कधी अर्धा, कधी कोरीएवढा का दिसतो? निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर उत्तर होतं, पृथ्वीची सावली पडते म्हणून. व्हिडिओ संपून दहा मिनिटंही झाली नव्हती. सावली पडते ती ग्रहणात. एरवी चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो, त्यातला किती आपल्या बाजूला येतो त्यावर कला ठरते. नेमकं हेच व्हिडिओत सांगितलं होतं. मुलांनी ते ऐकलंही होतं. पण मनातली जुनी समजूत जागची हललीसुद्धा नव्हती, उलट तिच्यावर आता ‘समजलं’चा शिक्का बसला होता.

योगायोगानं दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. “कोणाकोणाच्या घरी उपवास?” अर्ध्या वर्गाचे हात वर. “आज चंद्र किती वाजता उगवेल?” एकजण म्हणाला, कालनिर्णयमध्ये असतं. दुसरा म्हणाला, आई फोनवर बघते. मी म्हटलं, न बघता सांगा. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “नऊच्या आधी नाही. तोवर आई जेवत नाही.” तिथून सुरुवात झाली. पौर्णिमेचा चंद्र कधी उगवतो? कोजागिरी आठवा. सूर्य मावळतो न मावळतो तोच पूर्वेला असतो. विनायकी चतुर्थीला तो संध्याकाळी पश्चिमेला असतो आणि लवकर मावळतो. मग संकष्टीला एवढा उशीर का?

खिडक्यांना सतरंज्या लावल्या, टेबलावर एक बल्ब पेटवला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक मोसंबं दिलं. तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी, मोसंबं म्हणजे चंद्र. हात लांब धरा आणि जागच्या जागी डावीकडे फिरा. दोन फेऱ्या होतात तोच एकजण ओरडला, “बाई, अर्धं दिसतंय, पण सावली कुठंय?” हा प्रश्न त्याच्या तोंडून यावा यासाठी तर सगळा खटाटोप होता. मग फळ्यावर गणित केलं. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस. तेवढ्यात रोजचा उशीर साठत साठत पुरे २४ तास होतो. १४४० मिनिटांना २९.५ नं भागलं, रोजची साधारण ४९ मिनिटं आली. पौर्णिमेला साडेसहाच्या सुमारास, मग तीन-साडेतीन दिवसांनी नऊ-सव्वानऊ. आणि मग, सगळ्यात शेवटी, कालनिर्णय उघडलं. आमचा अंदाज थोडा चुकला होता. त्यावर मुलांनी दोन नवे प्रश्न काढले : हा रोजचा उशीर वर्षभर सारखाच असतो का? आणि कालनिर्णयमध्ये मुंबई आणि नागपूरच्या चंद्रोदयात वीस-पंचवीस मिनिटांचा फरक कसा? हे प्रश्न घेऊन ती फोनकडे गेली तेव्हा मी अडवलं नाही. आता त्यांना काय शोधायचं ते माहीत होतं.

वर्गात जे दिसतं त्याला संशोधनाचाही थोडा आधार आहे. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या मॅथ्यू फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग केले. काही लोकांना साध्या गोष्टींची उत्तरं इंटरनेटवर शोधायला लावली, उदाहरणार्थ झिप कशी काम करते. नंतर त्यांना अगदी वेगळ्या विषयांवर विचारलं, हे तुम्ही कितपत समजावून सांगू शकाल? ज्यांनी आधी इंटरनेटवर शोध घेतला होता, त्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. ज्या विषयाचा शोधच घेतला नव्हता, त्यातही. म्हणजे फोनमधलं ज्ञान आणि डोक्यातलं ज्ञान यांच्यातली सीमारेषा शोधणाऱ्यालाच पुसट होत जाते. माझ्या वर्गातलं “हो बाई, समजलं” मला तेव्हापासून नीट ऐकू येऊ लागलं.

मात्र इंटरनेटनं स्मरणशक्ती बिघडते, असं कुणी छातीठोक सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. या बाबतीत ज्याचा दाखला सगळीकडे दिला जातो तो मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो यांचा २०११ चा अभ्यास. माहिती नंतर मिळणार आहे असं वाटलं की माणूस ती लक्षात ठेवत नाही, ती कुठं ठेवली आहे हे लक्षात ठेवतो, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१८ मध्ये जुने गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा एक मोठा उपक्रम झाला, त्यात या अभ्यासातल्या एका प्रयोगाचा निकाल पुन्हा मिळाला नाही. त्यामुळे मी या अभ्यासावर भिस्त ठेवत नाही. शिवाय सगळं पाठ असणं म्हणजेच शहाणपण, असंही मी कधी मानलं नाही. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणायचे. मला त्यातलं काही येत नाही आणि माझं फारसं अडलंही नाही. पण सात आठे छप्पन्न डोक्यात नसेल तर मूल दहावीत वर्गसमीकरणाचे अवयव पाडू शकत नाही, हे मी दरवर्षी बघते. फोनवर सात आठे किती हे मिळतं. पण छप्पन्न दिसल्यावर सात आणि आठ आठवायला हवेत, आणि फोनला ते विचारायचं हे सुचायलाही ते आधी आठवावे लागतात. विचार डोक्यातल्या सामानावरच चालतो. हाताशी काहीच नसेल तर शोधायचं काय, हेही सुचत नाही.

ते डोक्यात बसवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आठवून बघणं. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिके यांचा २००६ चा प्रयोग मी प्रत्येक पालकसभेत सांगते. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदाच वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघणं हे त्या चार वेळच्या वाचनासारखंच आहे. बघताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि येणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर परीक्षेच्या हॉलमध्ये कळलं तर फार उशीर झालेला असतो. म्हणून माझ्या तासाची पहिली पाच मिनिटं वही बंद. कालचं काय आठवतं ते लिहा. गुण नाहीत, रागावणं नाही. पहिले पंधरा दिवस मुलं कंटाळतात, नंतर स्वतःच विचारतात, “बाई, आज आठवण नाही का?”

आता एक अशी गोष्ट, जिच्याबद्दल मराठी माध्यमाच्या शिक्षकांशिवाय फारसं कुणी बोलत नाही. आमची मुलं व्हिडिओ बघतात ते बहुतेक हिंदीत. सातवी-आठवीचं विज्ञान मराठीत शोधलं तर चार चांगल्या गोष्टी मिळतात, हिंदीत चाळीस. समजायला हिंदी सोपं जातं, म्हणून कुणाला वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. एका वर्षी नववीच्या सहामाहीत एका चुणचुणीत मुलानं लिहिलं, “पाण्याच्या एका अणूत हायड्रोजनचे दोन परमाणू असतात.” मी लाल पेनानं रेघ मारली आणि मग थबकले. कारण हिंदीत ते वाक्य अगदी बरोबर आहे. आपण ज्याला अणू म्हणतो त्याला हिंदीत परमाणु म्हणतात, आणि आपल्या रेणूला हिंदीत म्हणतात अणु. शब्द तोच, अर्थ एक पायरी वर सरकलेला. मुलाला रसायन समजलं होतं, पण बोर्डाच्या पेपरात तो गुण गमावणार होता. आणखी वाईट म्हणजे आमचं पुस्तक वाचताना त्याच्या डोक्यात रोज गोंधळ होत होता आणि त्याचा पत्ता ना त्याला होता ना मला. तसंच तत्त्व. आपल्याकडे तत्त्व म्हणजे नियम, जसं आर्किमिडीजचं तत्त्व. हिंदीत तत्व म्हणजे मूलद्रव्य. आता प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मी फळ्यावर तीन रकाने पाडते : पुस्तकातला मराठी शब्द, हिंदी व्हिडिओतला शब्द, इंग्रजी शब्द. मुलंच भरतात. अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर सगळं एकदम इंग्रजीत येतं, तेव्हाही हा तक्ता उपयोगी पडतो, असं जुने विद्यार्थी येऊन सांगतात. नव्या शिक्षकानं पहिल्या वर्षी एकच काम करावं असं मला कुणी विचारलं, तर मी हा तक्ता सांगेन.

मराठीत काहीच नाही असंही नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभा केलेला मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे. त्याची भाषा आठवीच्या मुलांना जड जाते हे खरं. म्हणून महिन्यातून एकदा एक नोंद आम्ही एकत्र वाचतो, वाक्य फोडून. लांबलचक वाक्याच्या शेवटापर्यंत टिकून राहायचा सराव मुलांना आता दुसरीकडे फारसा मिळत नाही. ही उणीव मला खरोखर जाणवते. दहा वर्षांपूर्वी नववीचं मूल दोन पानं सलग वाचायचं. आता दुसऱ्या परिच्छेदात डोळे वर येतात.

आलेल्या माहितीवर विश्वास किती ठेवायचा, हेही आता शिकवावंच लागतं. ते पुस्तकात शेवटी एखाद्या चौकटीत येतं आणि बहुतेक शाळांत राहून जातं. दर दिवाळीत व्हॉट्सॲपवर भारताचा रात्रीचा रंगीबेरंगी फोटो येतो, “नासानं अवकाशातून टिपलेली दिवाळी” म्हणून. तो मी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मुद्दाम दाखवते. आधी फोन बाजूला. पणतीचा उजेड जास्त की रस्त्यावरच्या दिव्याचा? शहरातले दिवे रोज लागतातच, मग त्यात पणत्यांनी कितीशी भर पडेल? आणि पणत्या निळ्या-हिरव्या-लाल का दिसतील? एवढ्या तीन प्रश्नांत वर्गाला शंका येते. मग शोध. तो फोटो वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह नोंदी एकावर एक ठेवून अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञानं तयार केलेला नकाशा आहे. १९९२ च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, नंतर वाढलेले दिवे निळ्या, हिरव्या आणि लाल रंगात. २०१२ च्या दिवाळीत नासानंच हे खुलासेवार सांगितलं आणि खऱ्या रात्रीचं चित्रही दिलं. दिवाळीतला जादा उजेड इतका थोडा असतो की तो अवकाशातून ओळखू येत नाही.

शोधायचं कसं, याबद्दल स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी केलेली पाहणी मला फार मोलाची वाटते. त्यांनी इतिहासाचे डॉक्टरेट झालेले अभ्यासक, त्याच विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यवसायानं बातम्यांची सत्यता तपासणारे लोक, अशा तीन गटांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि त्याच्या रूपाला, बोधचिन्हाला भुलले. तपासणारे लोक क्षणात त्या पानाबाहेर पडले आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते बघून आले. मी मुलांना हे वेगळ्या शब्दांत सांगते. ताईला स्थळ आलं की घरचे मुलाच्या बायोडाट्यावर थांबतात का? त्याच्या गावात जाऊन चौकशी करतात. तसंच करायचं. पान काय सांगतंय ते नंतर, आधी पानाची गावात चौकशी. हे मुलींना फार पटकन कळतं.

इंटरनेटनं शिक्षकाला काय दिलं, तेही सांगायलाच हवं, नाहीतर लिहिणं एकांगी होईल. अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी बनवायचे जे प्रयोग पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रात बसून जगासाठी खुले केले, ते माझ्यासारख्या आडगावातल्या बाईपर्यंत एरवी कधीच पोचले नसते. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये सुरू केली. त्यातली बरीच आज मराठीतही आहेत. विजेचा परिपथ जोडताना तार चुकीची लावली तर बॅटरी पेट घेते, ती पडद्यावर. शाळेत हा प्रयोग मी करू दिला नसता. पण इथंही माझा क्रम तोच : दिवा लागेल की नाही, आधी लिहा, मग जोडा.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे सगळं उघडं पडलं. माझ्या वर्गातल्या कित्येक घरांत एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर जायचा आणि रात्री आठला घरी यायचा. मी साडेआठला प्रश्न पाठवायची, व्हिडिओ नाही. एका प्रश्नाला फक्त काही अक्षरांचा डेटा लागतो आणि तो दुसऱ्या दिवशीपर्यंत डोक्यात राहतो. आता फोन घरोघरी आले आहेत. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या असरच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचं सांगितलं, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. म्हणजे फोनबंदीचा आग्रह धरून घरचं काही बदलत नाही. वर्गातली पस्तीस मिनिटं तेवढी आपल्या हातात आहेत.

राहिला प्रश्न गृहपाठ चॅटजीपीटीकडून लिहून आणण्याचा. मी घरून निबंधवजा उत्तरं मागवणं बंद केलं. घरून आणायचं ते निरीक्षण : दुधाला विरजण लावल्यापासून दही होईपर्यंत दर दोन तासांनी काय दिसलं, अंगणातल्या काठीची सावली सकाळी आठला आणि बाराला किती वीत. लिहायचं ते वर्गात, माझ्यासमोर. आणि कुणी यंत्राकडून उत्तर आणलंच तर रागवू नका. त्यालाच फळ्यापाशी बोलवा आणि त्यातल्या एका वाक्यावर ‘का?’ विचारा. पहिल्या ‘का’ला बहुतेक जण थांबतात. थांबणाऱ्याला तिथंच सोडू नका, त्याच्याबरोबर पुढचं शोधा, नाहीतर तो पुढच्या वेळी फक्त लपवायला शिकेल.

संकष्टीच्या त्या तासानंतर चार दिवसांनी शनिवारची सकाळची शाळा होती. मैदानावर कवायत चालू होती. पावणेआठ वाजले असतील. रांगेतला एक मुलगा हात वर करायचं सोडून पश्चिमेकडे बघत उभा. “बाई, हा अजून इथं कसा?” निळ्या आभाळात फिकट अर्धा चंद्र. कवायत थांबवायची नाही म्हणून मी एवढंच म्हटलं, मावळेल किती वाजता ते वर्गात येईपर्यंत सांग. पहिल्या तासाला फळ्यावर तीन उत्तरं होती : दहा, साडेअकरा, एक. तिघांनी आपापलं गणित मांडलं, वर्ग भांडला. शाळा सुटली तेव्हा कुणी फोनकडे धावलं नाही. सगळे दप्तरं पाठीवर टाकून मैदानात जाऊन उभे राहिले, आणि चंद्र डोंगराच्या कडेला टेकेपर्यंत कुणी घरी जायला तयार नव्हतं.